जावईबापूंचं झाड

निशिओका शिगेझो केस कापून घरी परतला तेव्हा दारातल्या दोन गाठोड्यांपैकी एक नाहीसं झालं होतं. एक जायचंच होतं म्हणा. पण जे जायला हवं होतं ते जागच्या जागी होतं, आणि जे कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने सकाळपासून जिवाचा आटापिटा केला होता, नेमकं तेच गेलं होतं.

दोन्ही गाठोडी त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. दोन्हींना एकसारखीच जांभळी, करकोच्यांच्या नक्षीची कापडं. लग्नांतून मिठाईबरोबर अशी कापडं येतात आणि मग घरात त्यांचा ढीगच लागतो. एका गाठोड्यात पाइनचा बोन्साय होता, मारुगामे शहरातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून चार दिवसांसाठी आणलेला. दुसऱ्यात वांगं होतं.

"फुसाए," तो हाक मारत आत शिरला, "इनागाकी येऊन गेला का?"

फुसाए मागच्या अंगणात मुळे धूत होती. तिने मानही वर केली नाही. "आला होता की मघाशीच. दारातनं ओरडला, नेऊ का म्हणून. म्हटलं, ने बाबा, समोरच ठेवलंय."

"दहाला यायचा होता तो. आत्ता सव्वानऊ वाजलेत."

"मग? दहा म्हटल्यावर नऊला येणार नाही तर काय दहाला येणार?"

ते बरोबरच होतं. किनाशीत ठरल्या वेळेला येणारा माणूस उशिरा आला असंच धरतात. शिगेझो बाहेरगावचा असल्याने एकतीस वर्षांत त्याच्या हे अंगवळणी पडलं नव्हतं.

किनाशी हे पाइनचं गाव. इथे कोबी लावावा तसे शेतात पाइन लावतात, आणि ज्याच्या घरी सांगण्यासारखा एकही पाइन नाही त्याच्या घरी पोरीबाळी द्यायला लोक कचरतात. शिगेझो या गावात आला तो घरजावई म्हणून, सासरचं आडनावही घेऊन. पोस्टात पत्रं निवडण्याची नोकरी आणि फुसाए, अशा दोनच गोष्टी त्याच्या पदरात होत्या. सासरे कामेजिरो हे गावातल्या बोन्साय मंडळाच्या संस्थापकांपैकी. गावाने शिगेझोला पहिल्या दिवशी 'जावईबापू' म्हटलं आणि तेच कायम केलं. सासरे वारले, शिगेझो निवृत्त झाला, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, तरी तो जावईबापूच राहिला. मंडळाच्या नवीन वर्षाच्या प्रदर्शनात दर जानेवारीत तो असायचा, पण चहाच्या टेबलामागे.

कामेजिरो जाताना त्यांचा पाइन जावयाच्या हवाली करून गेले होते. शिगेझो जात्याच स्वप्नाळू. झाडासमोर बसलं की आपण अंगठ्याएवढे होऊन त्याच्या सावलीत जाऊन बसावं, ही त्याची जुनी खोड. पण सासऱ्यांच्या पाइनखाली त्याला कधी धड बसताच आलं नाही. डोळे मिटून आत शिरावं तर सासरे तिथे आधीच मांडी ठोकून बसलेले. वर विचारायचे, "पाणी घातलंस का?" शिगेझो दचकून उठायचा आणि पाणी घालायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. चार वर्षांपूर्वी त्या पाण्यानेच पाइन मुळापासून कुजून मेला.

ही गोष्ट गावात फक्त फुसाएला ठाऊक होती. महिनाभर रिकामी कुंडी पाहून तिने एक दिवस त्यात वांग्याचं रोप खुपसलं, कारण घरातली एक चांगली कुंडी रिकामी पडून राहावी हे तिला पटणारं नव्हतं. शिगेझोचे हात मात्र रिकामे बसेनात. तो सवयीने वांग्यालाच तार बांधू लागला. शेंडे खुडले, फांद्या वळवल्या, थंडी आली तेव्हा रॉकेलच्या शेगडीजवळ खिडकीत आणून ठेवलं. वांग्यानेही मनावर घेतलं. पहिला हिवाळा सरला, दुसरा सरला, तिसरा सरला. खोड अंगठ्याहून जाड झालं, त्याची साल तडकली, मुळं मातीवर पंजा रोवून बसली. पानं लहान होत होत रुपयाएवढी झाली. आणि एका दुपारी शिगेझो डोळे मिटून त्याच्याखाली गेला, तर तिथे कुणीच नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या दुपारी तिथेच जायच्या. वर पानांचं हिरवं छत, त्यातून जांभळ्या शिरा गेलेल्या. पायाखाली शेवाळाचं कुरण. वारा नाही, घड्याळ नाही. एक बारीकसं वांगं फांदीला लटकलेलं असायचं, संध्याकाळी उन्हात त्याच्या पाठीवर चकाकी आली की त्याला आपल्या आईचं घर आठवायचं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. यंदा नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नातही त्याला वांगंच दिसलं. स्वप्नात वांगं दिसणं फार शुभ, म्हणून त्याने ते कौतुकाने बायकोला सांगितलं. फुसाए म्हणाली, "दिवसभर तेच बघता, रात्री काय भोपळा दिसणार आहे?"

मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष होतं. अध्यक्ष मित्सुहाशींनी फर्मान काढलं की संस्थापकांच्या घरातला मूळ पाइन प्रत्येकाने आणलाच पाहिजे, आणि कामेजिरोंचा पाइन मधल्या मानाच्या चौथऱ्यावर बसेल. शिगेझोने आधी पाइनला सर्दी झाल्यासारखं काहीतरी सांगितलं. मित्सुहाशी बघायला येतो म्हणाले. मग बरा झाला असं सांगावं लागलं. मग मारुगामे गाठलं. पाइन आला, आणि आता इनागाकी तो न्यायला येणार, चहाला आत येणार, खिडकीतलं वांगं आणि त्याखालची ओळखीची कुंडी बघणार, म्हणून वांगं दिवसभर मेहुणीच्या घरी नेऊन ठेवायचं ठरलं. थंडी बाधू नये म्हणून तेही कापडात बांधलं. आणि मानाच्या चौथऱ्याला शोभावं म्हणून शिगेझो दहा मिनिटांसाठी न्हाव्याकडे गेला.

इनागाकीची चूक म्हणावी तर ती किनाशीचा माणूसच करू जाणे. तो मंडळाचा चिटणीस. त्याला दारात दोन सारखी गाठोडी दिसली. कापड सोडून बघणं अशिष्टपणाचं, चौथऱ्यावर ठेवल्याशिवाय झाडाचं तोंड बघत नाहीत. म्हणून त्याने कापडावरून कुंड्या चाचपल्या. दुसऱ्या गाठोड्याच्या कोपऱ्यात टवका उडालेला त्याच्या बोटांना लागला. कामेजिरोंची कुंडी. चाळीस वर्षं पाहिलेली. तो समाधानाने हसला आणि ते गाठोडं मांडीवर घेतल्यासारखं जपून आपल्या छोट्या ट्रकमध्ये ठेवून घेऊन गेला.

फुसाएला ओरडून काय घोळ झाला ते सांगत शिगेझो सायकलवर बसला. सभागृह दीड किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना पाइनची शेतं, त्यांवर धुकं तरंगत होतं. त्या धुक्यात त्याला क्षणभर वाटलं की हे सगळं आपण झाडाखाली बसून बघतोय आणि कुणीतरी शेगडीवरची किटली उतरवली की जाग येईल. मग सायकल दगडावरून उडाली आणि जाग असल्याची खात्री पटली.

सभागृहात तीसेक माणसं होती आणि सगळी एकाच दिशेला बघत होती. मधल्या चौथऱ्यावर, मागे डोंगराचं चित्र, बाजूला ओळीने शंभर शंभर वर्षांचे पाइन, आणि मध्ये वांगं. समोर आधीच लिहून ठेवलेलं कार्ड: 'कै. निशिओका कामेजिरो यांचा काळा पाइन.' फांदीला जांभळं, तुकतुकीत, अंगठ्याएवढं वांगं लोंबत होतं.

कुणीही 'वांगं' हा शब्द उच्चारलेला नव्हता. शिगेझोला बघून मित्सुहाशी पुढे आले, लवून म्हणाले, "जावईबापू, आज थंडी बरीच आहे, नाही?"

"आहे खरी," शिगेझो म्हणाला.

"झाड... म्हणजे हे... वेगळं आहे."

"हो, वेगळं आहे."

इतकं बोलून दोघेही पुन्हा लवले. पाहुणे दाराशी जमू लागले होते, नगरपालिकेचे कुणी साहेब साडेदहाला फीत कापायला येणार होते. तेव्हा हळूहळू चर्चेला तोंड फुटलं. अर्थात सगळेजण शिगेझोला वगळून, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होते. एकाचं म्हणणं पडलं की जे नूडल्सबरोबर तळून खातात ते बोन्साय असू शकत नाही. दुसरा म्हणाला, मग डाळिंबाचं काय, ते तू काय नुसतं बघत बसतोस का? कुणी म्हणालं, झाड म्हणजे लाकूड हवं. त्यावर इनागाकीने, आपली चूक आहे की नाही हे अजून न कळल्यामुळे, खोडाला नख लावून पाहिलं आणि लाकूड आहे असं जाहीर केलं. मग बांबू निघाला. बांबू तर गवत, आणि तीन नंबरच्या टेबलावर बांबू बसलेला. बांबूवाला चिडला. विस्टेरिया तरी कुठे झाड आहे, ती वेल आहे, असं तो म्हणाल्यावर विस्टेरियावाल्या बाईंनी आपली कुंडी उचलून घरी न्यायची तयारी केली. शरद ऋतूत शेवंतीला वळवून प्रदर्शन भरवतात ते सगळे मूर्ख का, असंही कुणीतरी विचारलं. दहा मिनिटांत अशी वेळ आली की सभागृहात पाइन सोडून कशालाच बसायला जागा उरेना.

या सगळ्या गदारोळात एकटे ओबोशी आजोबा शांत होते. ब्याण्णव वर्षांचे, मंडळाच्या संस्थापकांपैकी हयात असलेले एकटेच. ते दर वर्षी यायचे, प्रत्येक झाडासमोर गादी टाकून बसायचे आणि पेंगायचे. आता ते वांग्यासमोर बसले होते आणि त्यांची हनुवटी छातीला टेकली होती.

तेवढ्यात दार सरकलं आणि फुसाए आत आली. भाजीची ढकलगाडी ढकलत ती दीड किलोमीटर चालत आली होती. तोंड लाल झालेलं, डोक्याला बांधलेला रुमाल मागे घसरलेला. तिने गाडीतून करकोच्यांचं गाठोडं उचललं, सगळ्यांसमोर ठेवून सोडलं आणि आतून मारुगामेचा पाइन निघाला.

"चुकून दुसरंच गाठोडं गेलं बघा," ती लवून म्हणाली. "आमच्या अण्णांचा पाइन हा. कुंडी तेवढी बदलली यंदा. तुम्हाला सगळ्यांना उगाच ताप."

सभागृहाने सोडलेला सुस्कारा बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. एका वाक्यात सगळ्यांचीच अब्रू वाचली होती. मित्सुहाशी हसले, बांबूवाला आणि विस्टेरियावाल्या बाई एकमेकांना लवले. इनागाकीने चटकन वांगं चौथऱ्यावरून उतरवलं, पाइन चढवला. वांगं कुठे ठेवावं हे त्याला कळेना. तो इकडेतिकडे बघत दाराशी गेला आणि पाहुण्यांचे बूट होते त्या फळीजवळ, जमिनीवर, त्याने ते ठेवलं.

फुसाए नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "झालं. आता चहा ओतायला जा."

शिगेझो जाणारच होता. त्याचे पायही वळले होते. पण त्याची नजर दाराकडे गेली. दार उघडं होतं, बाहेरचा गार वारा सरळ आत येत होता आणि ती रुपयाएवढी पानं थरथरत होती. कुणाचा तरी ओला बूट कुंडीला टेकला होता. त्या झाडाखाली कितीतरी दुपारी त्याला या जगात कुणी काही विचारलं नव्हतं. गावात आल्यापासून आपणही असेच दाराशी उभे आहोत आणि त्याबद्दल कधी कुणाला एक शब्द बोललो नाही, हे त्याला जाणवलं, आणि स्वतःचा रागही आला.

"तो पाइन अण्णांचा नाही," तो म्हणाला.

फुसाएने त्याची बाही ओढली. तो थांबला नाही. "मारुगामेहून आणलाय. अण्णांचा पाइन मेला. चार वर्षं झाली. जास्त पाणी घातलं मी. मीच मारला तो."

पाइनच्या गावात असं काही याआधी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मित्सुहाशींनी घसा साफ केला आणि पुढे काय म्हणावं हे न सुचल्याने पुन्हा एकदा साफ केला.

"कुठला पाइन?" ओबोशी आजोबांनी मान वर केली.

"कामेजिरोंचा, आजोबा," इनागाकी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. "मूळ पाइन. जावईबापूंच्या हातून मेला म्हणतात."

"कामेजिरोचा तर कामेजिरोनेच मारला," आजोबा म्हणाले. "मंडळाच्या दुसऱ्याच वर्षी. उन्हात ठेवून पोहायला गेला. प्रदर्शनाला दोन दिवस राहिले होते, आला माझ्याकडे रडत. मी माझा दिला, चार दिवसांसाठी. परत काही आणून दिला नाही. मीही मागितला नाही. सारखा त्याच्यापुढे बसलेला असायचा, म्हटलं राहू दे." मग ते शिगेझोकडे वळले. "म्हणजे तू मारलास तो माझा होता तर."

शिगेझो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवून माफी मागू लागला.

"ऊठ, ऊठ. कपाळ घासून पाइन यायचा नाही. एक गेलं, एक दे म्हणजे झालं." आजोबांनी काठी दाराकडे रोखली. "ते बुटांपाशी ठेवलंय ते दे मला. आत्ता मी त्याच्याखाली बसलो होतो तेवढ्यात या पोराने उचलून नेलं. चांगली सावली होती."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. इनागाकी वांगं आणायला निघालासुद्धा. मित्सुहाशींनी डोळ्यांनी शिगेझोला खुणावलं, हो म्हण आणि मोकळा हो. फुसाएसुद्धा म्हणाली, "द्या हो. वसंतात दुसरं लावू."

शिगेझो दाराशी गेला. ओला बूट बाजूला केला. कुंडी उचलली आणि छातीशी धरली. आजोबांना द्यायचं तर चार पावलं पुढे यायला हवं होतं. तो एक आला आणि थांबला.

"नाही," तो म्हणाला. आवाज फारच बारीक आला म्हणून पुन्हा म्हणाला, "माफ करा, आजोबा. दुसरं काहीही मागा. रोज येऊन तुमच्या पाइनना पाणी... पाणी नको, दुसरं काहीही काम करीन. हे नाही देणार."

एकतीस वर्षांत जावईबापूंच्या तोंडून 'नाही' हा शब्द किनाशीने ऐकला नव्हता. त्यांना तो बोलता येतो हेच कुणाला माहीत नव्हतं. मित्सुहाशींचा चेहरा पडला. फुसाए मात्र नवऱ्याकडे अशी बघत राहिली, जणू विचारत होती, हा माणूस आपल्या घरात केव्हापासून राहतोय.

ओबोशी आजोबा हसायला लागले. दात नसल्यामुळे आधी ते कुणाला कळलंच नाही.

"बघितलंत?" ते सभागृहाला म्हणाले. "मघापासून वाद घालताय, झाड का भाजी, झाड का भाजी. भाजी असती तर दिली असती. या गावात वांगं मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, असं मी जन्मात पाहिलं नाही. न मागता दारात टोपलीभर ठेवून जाता तुम्ही लोक, नको नको म्हटलं तरी. जे द्यायला माणूस नाही म्हणतो ते झाड. ठेवा वर."

प्रत्येकाला आपापल्या उन्हाळ्यातल्या टोपल्या आठवल्या. बाहेर गाडी वाजली, साहेब आले होते. मग एकच धावपळ झाली. मारुगामेचा पाइन खाली आला, तो फुसाएने गाडीत ठेवून घेतला. वांगं पुन्हा चौथऱ्यावर चढलं. इनागाकीने जुनं कार्ड फाडलं, नवं कोरं कार्ड पुढ्यात ओढलं, कुंचला शाईत बुडवला आणि भरभर लिहायला म्हणून वाकला. वाकला तो तसाच राहिला. शाईचा थेंब कुंचल्याच्या टोकाशी जमला.

"जावईबापू," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "तुमचं... म्हणजे निशिओका झालं, पण तुमचं नाव काय हो?"

शिगेझोने नाव सांगायला जरा वेळ लावला. फुसाए मध्ये काही बोलली नाही, तिनेही वाट पाहिली.

साहेब फीत कापून आत आले, सगळ्या पाइनांपुढून सावकाश फिरले आणि मधल्या चौथऱ्यापाशी बराच वेळ थांबले. कार्डावरची शाई अजून ओली होती. त्यावर लिहिलं होतं: 'झाड. निशिओका शिगेझो यांचं.'